सातच्या समोरची खाच

माळी शेडच्या दारात उभा राहून फोनवर बोलत होता आणि तिथंच घोटाळा झाला.

"म्हातारी गळायला लागलीय हो," तो मेकॅनिकला सांगत होता. "मागून, डाव्या बाजूनं. चार दिवसांपासून जिथं म्हणून उभी राहील तिथं डाग. वय झालंय, कबूल. पण अंगात जोर आहे अजून. एकदा येऊन बघून तरी जा."

शेडच्या भिंतीला लागूनच त्याच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीशी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

म्हातारी म्हणजे ट्रॅक्टर. हॉस्पिटलच्या आवारातलं गवत कापायचा, सव्वीस वर्षांचा, छोटा लाल ट्रॅक्टर. माळी गेली एकोणीस वर्षं त्याच्यावर बसत होता आणि एकोणीस वर्षं त्याला म्हातारीच म्हणत होता. पण हे सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी जेवताना त्या नेहमीपेक्षाही गप्प होत्या. ताट उचलता उचलता मुलीला म्हणाल्या, "माझी फारच अडचण होत असेल तर मी आपली जाते माझ्या घरी. चढेन जिना हळूहळू."

मुलीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा घास घशात अडकला आणि तो ठसकत, डोळ्यांतून पाणी काढत, हातानं खिडकीबाहेर दाखवत राहिला. "ट्रॅक्टर! आई, ट्रॅक्टर!"

सासूबाई हसल्या नाहीत. तोंड फिरवून त्या ताट घासायला लागल्या. खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

त्या येऊन दोन महिने झाले होते. गुडघ्यानं दगा दिला आणि स्वतःच्या घराचे तीन मजले चढणं अशक्य झालं, तेव्हा मुलीनं त्यांना इकडे आणलं. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, जावई बागेत. दोघांना मिळून आवाराच्या मागच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं घर मिळालेलं. सासू आणि जावई, दोघंही मुलखाचे अबोल. एकाच खोलीत बसून सासूबाई मुलीला विचारायच्या, "यांना चहा हवाय का विचार." आणि जावई बायकोला सांगायचा, "आईंना म्हणावं, अर्धा कप." बायको म्हणायची, मला मधल्यामधे दुभाष्याची नोकरी लागलीय.

मेकॅनिक तीन आठवडे येणार नव्हता. तेवढे दिवस थांबणं शक्य नव्हतं. हे फुप्फुसांच्या आजारांचं हॉस्पिटल. माणसं महिना महिना राहायची. दुपारी चार वाजता ज्यांना जमेल त्यांना चाकांच्या खुर्चीतून हिरवळीवर आणत. गवत घोट्याच्या वर गेलं की खुर्चीची चाकं अडकायची, ढकलणाऱ्या बाया वैतागायच्या आणि मग पेशंट खिडकीतूनच बाहेर बघायचे. आणि दिवस असे होते की गवत सकाळी बघावं तर संध्याकाळी आणखी वाढलेलं. तेल गळत असताना ट्रॅक्टर फिरवावा तर हिरवळीवर तेलाची रेघ उमटायची आणि तिसऱ्या दिवशी तिथलं गवत जळून जायचं. अशी एक पिवळी रेघ मेट्रनबाईंच्या खिडकीसमोरच उमटली होती आणि मेट्रनबाईंनी तिच्याकडे बोट दाखवून एवढंच विचारलं होतं, "हे काय?"

माळ्यानं पट्टे बदलले होते, पाती बदलली होती, इंजिनही एकदा उघडलं होतं. ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या सीलला, तेल आत अडवणाऱ्या कड्याला, मात्र कधी हात लावला नव्हता. तरी त्यानं ठरवलं, आपणच करायचं.

त्यानं पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले. ॲक्सलच्या टोकावरची क्लिप पक्कडीनं काढली. चाक मात्र हलेना. सव्वीस वर्षांत ते दांड्याला असं चिकटलं होतं की जणू तिथंच उगवलं असावं. गंज सोडवायचं तेल घालून तो दोन तास थांबला, मग लाकडाचा ठोकळा मध्ये धरून सगळ्या बाजूंनी ठोकत राहिला. अखेर चाक एकदम सुटलं आणि तो चाकासकट मागे बसला.

"लागलं का?" मागून आवाज आला.

सासूबाई घराच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. किती वेळ, देव जाणे. हा प्रश्न त्यांनी थेट त्यालाच विचारला होता, मध्ये कुणी नव्हतं.

"नाही, नाही," तो म्हणाला. "चाकच आहे."

चाकामागं चिखल, गवत आणि तेल यांचा बोटभर जाड थर बसला होता. तो खरवडून काढल्यावर सील दिसलं. रुपयापेक्षा बरंच मोठं काळं कडं, मधून ॲक्सलचा दांडा गेलेला. त्याच्या खालच्या काठावर तेलाचा थेंब जमत होता, मोठा होत होता, गळत होता. माळ्यानं सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडलं, त्यात स्क्रू फिरवला, स्क्रू पक्कडीत धरला आणि ओढला. दाढ निघावी तसं ते कडं निघून हातात आलं. आतलं बेअरिंग दिसलं आणि माळी बघतच राहिला. बाहेर सगळं गंजलेलं, चेपलेलं, रंग उडालेलं. आणि बोटभर अंतरावर आत, अंधारात, तेलात बुडालेल्या पोलादी गोळ्या नव्या आरशासारख्या चमकत होत्या. धुळीचा एक कण तिथं पोचला नव्हता. आपण एकोणीस वर्षं हिच्यावर बसतोय, त्याच्या मनात आलं, आणि ही आतून अशी आहे हे आपल्याला माहीतच नाही.

नवं सील त्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. ते कागदातून काढून तो पुसत होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघू जरा?"

त्यानं दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा आतल्या काठावरून एकदा फिरवला. बघत होत्या त्या समोरच्या झाडाकडे. अंगठा एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हे लावू नका," त्या म्हणाल्या. "ओठाला, या आतल्या काठाला, खाच आहे. हे मापाचे आकडे आहेत ना वर, पंचवीस, बेचाळीस, सात? त्या सातच्या बरोबर समोर."

माळ्यानं सील उजेडात धरलं, फिरवलं. रबराचा तो पातळ काठ त्याला सगळीकडे सारखाच दिसला. अंगठा फिरवून बघितला. पण त्याच्या अंगठ्यावर कुदळ-फावड्यानं जाड झालेली कातडी, तिला काय कळणार? दुकानदार सील नवं म्हणून देतो, कागदात गुंडाळलेलं असतं, आणि सासूबाई झाडाकडे बघत सांगतात की खाच आहे.

"हो का?" तो आदरानं म्हणाला. "बघतो हं."

सासूबाईंना तो सूर ओळखीचा असावा. "तुमचं काम, तुम्ही जाणता," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्यानं तेच सील लावलं. दांड्यावर जिथं आधीचं सील बसायचं तिथं भोवताली एक बारीकशी चीर दिसत होती. चालेल, असं म्हणून त्यानं ती सोडून दिली. बाकी सगळं नीट केलं. दांड्याच्या धारदार कडांवर प्लॅस्टिक गुंडाळलं, रबराला तेल लावलं, पाइपाचा तुकडा ठेवून सगळीकडून सारखं ठोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऐटीत गवत कापायला निघाला. अर्ध्या तासात तेल तापलं, पातळ झालं आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं बारीक ओघळ सुरू झाला.

माळी ट्रॅक्टर शेडमध्ये घेऊन आला. आधी त्याला वाटलं, ठोकताना आपणच काहीतरी कापलं. मग ते आकडे आठवले. पंचवीस, बेचाळीस, सात.

त्यानं पुन्हा चाक काढलं. या वेळी भोक सासूबाईंनी सांगितलेल्या जागेपासून लांब, पलीकडच्या बाजूला पाडलं. सील काढलं, पुसलं, खिशात घातलं आणि तडक लॅबमध्ये बायकोकडे गेला.

"मायक्रोस्कोपखाली हे बघता येईल?"

"हे?" बायकोनं नाक मुरडलं. "इथं माणसांची थुंकी येते बघायला."

तरी तिनं काच ठेवली, कमी ताकदीचं भिंग फिरवलं, सील तिरकं धरलं. "कुठं बघू?"

"सातच्या समोर."

ती वाकली. एक डोळा मिटून बघत राहिली. मग बाजूला झाली आणि त्याला जागा दिली.

त्याला दिसला एक डोंगरकडा. काळा, लांबच लांब, एकसारखा उतरत गेलेला. आणि त्याच्या धारेवर, बरोबर मधोमध, एक खिंड.

"कापलं गेलं असतं तर कडा धारदार दिसल्या असत्या," बायको हळू आवाजात म्हणाली. "ही गोल आहे. जन्मापासूनच आहे ही." तिनं भिंगातली पट्टी लावून मोजली. "आणि केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे. अहो, हे तुम्हाला कसं दिसलं?"

"मला नाही दिसलं," माळी म्हणाला. "तुझ्या आईला दिसलं. म्हणजे दिसलंही नाही. त्या झाडाकडे बघत होत्या."

दुपारी दोघं एकदमच घरी आले. सासूबाई खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या. माळ्यानं सील त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. कसं बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. मग त्यानं मनात होतं ते बोलून टाकलं. "आई, मी तुमचं ऐकायला हवं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"कळेल नाही तर काय," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं तेच केलं."

"काय केलं?"

"हेच. सीलं तपासायची. दुसरं काय?"

माळ्यानं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "आई फॅक्टरीत जायची. रबराच्या. मला वाटायचं…" आणि ती थांबली, कारण आपल्याला काय वाटायचं हे तिलाही आठवेना. आई सकाळी सातला जायची, चारला यायची. तिकडे काय करते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस, आई."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. लांब खोली, भिंती पांढऱ्या, एकाच बाजूनं खिडक्या. टेबलाशी आठ बायका. हातात अंगठी चालायची नाही, मलम चालायचं नाही, नखं रोज कापायची. डाव्या बाजूला न तपासलेल्या सीलची पाटी, उजवीकडे चांगल्यांची, पायाशी वाईटांची लाल बादली. सुरुवातीला दिव्याखाली बघून तपासायचे. पण वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की दुपारनंतर डोळे थकतात आणि अंगठा थकत नाही.

"सुपरवायझर चिडायचा. म्हणायचा, बाई, खाली बघा. मग एक दिवस त्यानं चांगल्या मालात मुद्दाम दहा वाईट सीलं मिसळली. मी दहाही काढून दिली. अकरावं पण दिलं, ते त्याला माहीत नव्हतं." त्या जराशा हसल्या. "नंतर नाही बोलला काही."

"तासाला किती तपासायचात?" माळ्यानं विचारलं.

"तीनशे. कधी थोडी जास्त."

बायकोनं कुठल्यातरी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. आठ तास, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, एकतीस वर्षं. मांडून झाल्यावर तिनं पेन्सिल ठेवली, पुन्हा उचलली, शून्यं मोजली.

"दोन कोटी," ती म्हणाली. "दोन कोटींच्या वर."

"छे गं. काहीतरी चुकलंय तुझं."

पुन्हा मांडलं. तेवढेच आले. माळी त्या अंगठ्याकडे बघत होता. साधा, सुरकुतलेला अंगठा, नख बारीक कापलेलं, मलमानं थोडा चकचकीत. दोन कोटी वेळा तो एका काठावरून फिरला होता. त्याच अंगठ्यानं काल त्याला थांबवलं होतं आणि तो "हो का" म्हणाला होता.

मुलीनं आईचा हात हातात घेतला. "तुझ्या हातांना वास यायचा रबराचा," ती म्हणाली. "मी तुला वेणी घालू द्यायचे नाही."

"माहितीय. म्हणून मी लिंबानं हात घासायचे ना." सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं त्या वेगळ्याच सुरात म्हणाल्या, "दोन कोटी. मग त्यात माझ्या हातून सुटलेलीही असतील की. किती असतील? कुणाकुणाचं काय काय गळलं असेल?"

मुलीनं हिशेबाचं पाकीट पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई काठी घेऊन तयार. बेअरिंगच्या दुकानात मीही येते, म्हणाल्या. दुकानदार जाडजूड, डोळ्यांवर चष्मा, मागे छतापर्यंत खोके. माळ्यानं सील परत केलं तेव्हा तो म्हणाला, "बसवताना कापलं असेल. माल तपासूनच येतो."

"कोणीतरी तपासतं म्हणूनच म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या. "तो सबंध खोका जरा इकडे द्या."

खोक्यात चौदा सीलं उरली होती. सासूबाई स्टुलावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. एकेक सील उचलायचं, अंगठा फिरवायचा, ठेवायचं. एका सीलला एक श्वास. चौदाही त्यांनी डाव्या बाजूला ठेवली.

"सगळ्यांना आहे. सातच्या समोरच. साच्यात कण अडकलाय, कुणी साफ केला नाही."

दुकानदारानं हसून माळ्याकडे बघितलं. माळी हसला नाही. मग दुकानदारानं खणातून जाड भिंग काढलं, दिव्याखाली एक सील धरलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं. चौथ्यानंतर त्यानं भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि सासूबाईंकडे असं बघितलं जसं दुकानात कुणी शिडीशिवाय छतापर्यंत पोचलंय.

"आजी," तो म्हणाला, "चहा सांगू?"

मग त्यानं काढून दिलेल्या दुसऱ्या खोक्यातलं तिसरं सील त्यांनी उजव्या बाजूला ठेवलं. "हे द्या. हे चांगलं आहे." निघायच्या आत दुकानदारानं भीतभीत आणखी दोन खोके पुढे सरकवले आणि सासूबाईंनी तेही बघून दिले. माळी दारात उभा राहून मनातल्या मनात गवताची उंची मोजत होता, पण त्याला घाई करायचा धीर झाला नाही.

शेडमध्ये आल्यावर त्या पालथ्या बादलीवर बसल्या, ट्रॅक्टरच्या अगदी जवळ. "पहिलं कुठंय?" त्यांनी विचारलं. "सव्वीस वर्षं होतं ते?"

माळ्यानं भंगाराच्या डब्यातून ते शोधून दिलं. त्यांनी ते पुसलं, अंगठा फिरवला आणि थांबल्या. पुन्हा फिरवला. जो काठ नव्या सीलमध्ये धारेसारखा होता तो इथं झिजून सपाट झाला होता. रबर कडक, वाळल्या सालीसारखं.

"झिजलेलं सील मी कधी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नवीच असायची. पाटी भरायची, जायची. कुठं जायची ते कळायचं नाही. सांगायचे, हे इतके हजार तास चालतं. चालतं म्हणजे काय होतं, ते कधी दिसलं नाही."

"आता इकडे बघा," माळी म्हणाला. त्यानं दांडा कापडानं घासून लख्ख केला होता. "परवा ही चीर मी सोडून दिली. आळस केला. नव्या सीलची खाच आणि ही चीर, दोन्ही मिळून तेलाला वाट मिळाली."

पोलादाच्या दांड्यावर, सगळीकडून गोल, एक बारीक चकचकीत खोबण होती. सासूबाईंनी अंगठ्याचं नख त्यात टेकवलं. नख अडकलं.

"हे कशानं झालं?"

"सीलनं. जिथं रबर टेकायचं तिथंच."

"रबरानं? पोलादात?"

"बारीक धूळ रबरात रुतते, ती घासत राहते. पण हो. रबरानंच."

एका हातात तो झिजलेला काठ आणि दुसऱ्या हाताचं नख त्या खोबणीत, अशा सासूबाई बसून राहिल्या. माळ्यानं या आधी ती चीर म्हणजे बिघाड म्हणूनच बघितली होती. आता त्याला दिसलं, सव्वीस वर्षं, उन्हापावसात, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो नाजूक ओठ पोलादाला टेकून राहिला होता. तेल आत, धूळ बाहेर. एक क्षणही सोडलं नाही. तो झिजला आणि झिजता झिजता त्यानं पोलादही झिजवलं.

"ज्या कुणी बाईनं हे तपासलं," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "तिनं चांगलं तपासलं होतं."

मग दोघं कामाला लागले. जुन्या सीलइतकंच आत बसवलं तर नव्या सीलचा ओठ पुन्हा त्या खोबणीतच पडला असता. हे माळ्याला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. "दोन मिलिमीटर बाहेर ठेवू," तो म्हणाला. "म्हणजे तो कोऱ्या पोलादावर बसेल." त्यानं दांड्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं, ओठाला तेल लावलं, सील सरकवलं. पाइपाचा तुकडा सासूबाईंनी दोन्ही हातांनी सरळ धरला. तो लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचा, थांबायचा. त्या पाइप बाजूला करून सीलच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या.

"वरच्या अंगाला अजून. केसभर."

टक.

"आता उजवीकडे. तेवढं नको, त्याच्या निम्मं."

टक.

"झालं. आता हात लावू नका."

माळ्यानं पट्टी लावून मोजलं. चारही बाजूंनी दोन मिलिमीटर, तंतोतंत. त्यानं पट्टी खिशात ठेवली आणि मान हलवली. अशी मान त्यानं आयुष्यात फार थोड्या वेळा हलवली होती.

तेल भरलं, चाक चढवलं, क्लिप लावली. त्याच दुपारी त्यानं सबंध पुढचं मैदान कापलं, मग मागचं, मग उताराचा तो तुकडा जिथं इंजिनाला सगळ्यात जास्त जोर पडतो. परत आल्यावर शेडमध्ये चाकाखाली कोरा पुठ्ठा सरकवला. सकाळी सातला तो शेडचं दार उघडायला गेला, तर सासूबाई आधीच दारात उभ्या होत्या. पुठ्ठा ओढून बाहेर काढला. कोरा. दोघांनी तो उलटाही करून बघितला आणि मग दोघांनाही एकदम हसू फुटलं.

चहा पिताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, अशी सीलं आणखी कुठं कुठं असतात?"

"जिथं दांडा फिरतो आणि काही गळू द्यायचं नसतं तिथं सगळीकडे."

"म्हणजे इथं? या हॉस्पिटलात?"

माळ्यानं विचार केला. मग कप खाली ठेवला. "चला," तो म्हणाला. "दाखवतो."

काठी टेकत त्या निघाल्या. त्यानं त्यांना पाण्याचे पंप दाखवले, टाकीखालच्या खोलीत, एकाशेजारी एक तीन. ॲम्ब्युलन्सची चाकं दाखवली. लिफ्ट चालवणारं यंत्र गच्चीवर होतं, तिथं गुडघ्यामुळे जाता आलं नाही. पण लिफ्टमधून दोनदा वरखाली केलं आणि त्या छताकडे बघत राहिल्या. स्वयंपाकघरात कणीक मळायचं मोठं यंत्र होतं. प्रत्येक ठिकाणी माळी वाकून बोट दाखवायचा, "या झाकणाच्या आत, इथं," आणि प्रत्येक ठिकाणी त्या, दूरच्या नातेवाइकाच्या घरी गेल्यासारख्या, क्षणभर उभ्या राहायच्या.

शेवटी धुलाईघर. चार मोठी यंत्रं, आत चादरी फिरतायत, पाणी आपटतंय, काचेवर फेस. आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना. सासूबाई एका यंत्राच्या मागे गेल्या, भिंतीचा आधार घेत वाकल्या आणि जिथून दांडा बाहेर येत होता तिथं, खालच्या फरशीवर, तळहात टेकवला. फरशी कोरडी होती. शेजारच्याखालीही कोरडी. तिसऱ्याखालीही. यंत्राच्या आत चाळीस बादल्या पाणी घुसळलं जात होतं आणि बाहेर हाताच्या तळव्याला ओल नव्हती.

धुलाईवाली बाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली आणि थबकली. "काय झालं हो?" तिनं माळ्याला विचारलं. मग सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं, "आजी, काही पडलं का? काय शोधताय?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. हात त्यांनी अजून उचलला नव्हता. "गळत नाहीये, ते बघतेय."

धुलाईवालीला काही कळलं नाही. पण तिनं गठ्ठा खाली ठेवला आणि तीही वाकून बघायला लागली.